डिकीत पेट्रोलची बाटली ठेवून लांबच्या प्रवासाला निघताय? आधी हे वाचा

पालघर : बोईसरहून नाशिकला, पालघरहून शिर्डीला किंवा मनोरमार्गे जव्हार-मोखाड्याकडे स्कूटरवर निघायचं ठरलं की तयारी ठरलेली असते. टायरमधली हवा बघायची, डिकीत रेनकोट टाकायचा आणि त्याच्या शेजारी पाण्याच्या बाटलीत भरलेलं लिटरभर पेट्रोल ठेवायचं. रस्त्यात संपलं तर काय, एवढा साधा विचार त्यामागे असतो.

आपल्या जिल्ह्यात ही सवय फक्त लांबच्या प्रवासापुरती नाही. गवत कापायच्या मशीनसाठी शेतकरी कॅनमध्ये पेट्रोल नेतो. फवारणीच्या पंपासाठी बागायतदार नेतो, होडीच्या मशीनसाठी मच्छीमार नेतो. तारापूर एमआयडीसीतून रात्रपाळी करून विक्रमगडकडच्या गावाला परतणारा कामगारही वाटेतले पंप बंद असतील म्हणून बाटली जवळ बाळगतो. वर्षानुवर्षं काही झालं नाही म्हणून कुणाला त्यात धोका वाटत नाही.

पण धोका आहे, आणि तो ज्या डिकीवर आपण बसतो तिथेच आहे. जादा पेट्रोल खरंच लागतं का, कायदा काय म्हणतो आणि अगदीच गरज पडली तर ते कसं न्यावं, हे समजून घेऊ.

आधी हिशोब : जादा पेट्रोल लागतं का?

होंडा अ‍ॅक्टिव्हाची टाकी 5.3 लिटरची आहे. इतर 110 आणि 125 सीसीच्या स्कूटरची टाकीही साधारण 5 लिटरच्या आसपास असते. दोन माणसं, थोडं सामान आणि घाटाचा रस्ता धरला तरी लिटरला 40 किलोमीटर मिळतात असं समजू. म्हणजे भरलेल्या टाकीवर गाडी सुमारे 200 किलोमीटर जाते.

आता रस्ते बघू. बोईसरहून चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड, जव्हार, त्र्यंबकेश्वर असं नाशिक दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका टाकीत नाशिक गाठून वर पेट्रोल उरतं. शिर्डीला जायचं तर नाशिकला टाकी पुन्हा भरायची, पुढचं अंतर नव्वदेक किलोमीटर आहे. डहाणूहून मोखाडा गाठायला अर्धी टाकी पुरते. पालघरहून मुंबई शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. महामार्गावर मनोर, चारोटी, तलासरी या पट्ट्यात पंप आहेत. आत विक्रमगड, जव्हार, वाडा या तालुक्याच्या गावीही आहेत.

म्हणजे अडचण टाकी लहान असण्याची नाही. आपण टाकी भरतच नाही, ही खरी अडचण आहे. पंपावर गेलं की "शंभरचं टाक" म्हणायची सवय लागलेली असते. आजच्या दराने शंभर रुपयांत पूर्ण लिटरही येत नाही. काटा कायम लाल रेघेच्या आसपास खेळतो आणि मग भीती वाटते म्हणून बाटली सोबत ठेवली जाते. जे पेट्रोल गाडीच्या टाकीत सुरक्षित बसलं असतं, तेच आपण बाटलीत भरून आपल्याच सीटखाली ठेवतो.

मोबाईलवर लडाखचे व्हिडिओ बघून पोरांनाही वाटतं की लांब जायचं तर गाडीला कॅन बांधलाच पाहिजे. मनाली ते लेह रस्त्यावर तांडी इथल्या पंपावर "पुढचा पंप 365 किलोमीटरवर" असा फलक प्रसिद्ध आहे. तिथे जाणाऱ्याला जादा पेट्रोल न्यावंच लागायचं, आणि ते लोक त्यासाठी बनवलेले डबे गाडीच्या बाहेरच्या बाजूला घट्ट बांधून नेतात. आपल्या जिल्ह्यात 365 किलोमीटर पंपाविना असा रस्ताच नाही. जव्हार-मोखाड्याच्या आतल्या पाड्यांवर जायचं असेल तर पंप लांब पडतो हे खरं, पण तालुक्याच्या गावी टाकी भरून आत शिरलं की जाऊन-येऊन पुरतं.

रॉकेलची सवय आणि पेट्रोलची आग

गावाकडे घराघरात वर्षानुवर्षं रॉकेलचा कॅन होता. रेशनच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये रॉकेल आणायचं, चुलीजवळ ठेवायचं, दिव्यात ओतायचं. त्यामुळे पेट्रोलही तसंच असेल असं मनात बसलं आहे. फरक मात्र फार मोठा आहे.

कुठलंही इंधन पेटतं ते त्याच्या वाफेमुळे. ठिणगी लागली तर पेटेल इतकी वाफ ज्या तापमानाला तयार होऊ लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलसाठी हे तापमान 35 अंशांच्या वर असतं. पेट्रोलसाठी ते उणे 40 अंशांच्या आसपास आहे. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे जव्हारच्या थंडीतसुद्धा उघड्या पेट्रोलवर पेट घेणारी वाफ असतेच. पालघरच्या मे महिन्यातल्या उन्हात तर विचारूच नका.

दुसरी गोष्ट, ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी खाली उतरते, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साठून राहते. म्हणून पेट्रोल एका जागी सांडतं आणि ठिणगी चार-पाच पावलं लांब पडूनही भडका उडतो. वास आला नाही म्हणजे वाफ नाही असंही समजू नये. सतत वासात राहिलं की नाकाला तो कळेनासा होतो.

एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण 700 ग्रॅम स्वयंपाकाच्या गॅसइतकी उष्णता बाहेर पडते. पाऊण किलोच्या आसपास गॅस सीटखाली घेऊन कुणी प्रवास करेल का?

डिकी ही सगळ्यात वाईट जागा

स्कूटरची डिकी म्हणजे झाकण बंद असलेला खोलगट डबा. वारा लागत नाही, वाफ बाहेर पडत नाही आणि बहुतेक गाड्यांत त्याच्या खालीच इंजिन असतं. लांबच्या प्रवासात, घाटात, दोन माणसं बसवून गाडी चालली की डिकीचा तळ हाताला गरम लागतो. डिकीत ठेवलेलं चॉकलेट वितळतं हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता थोडा हिशोब. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास झाली की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. अठरा लिटरच्या डिकीत एवढी वाफ तयार व्हायला किती पेट्रोल गळावं लागतं? दीड मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे चहाचा पाव चमचा. बाटलीचं झाकण जरा ढिलं असलं, खड्ड्यात गाडी आदळली आणि पाव चमचा पेट्रोल गळलं, तरी पूर्ण डिकीतली हवा पेटण्याजोगी होते. बाटली फुटायची किंवा आडवी व्हायची गरजच नाही.

ठिणगीसाठीही फार काही लागत नाही. बऱ्याच नव्या स्कूटरमध्ये डिकीत दिवा असतो, मोबाईल चार्ज करायचं पॉइंट असतं. अनेकांनी गॅरेजमध्ये जादा हॉर्न, अलार्म, लाइटच्या वायरी जोडून घेतलेल्या असतात आणि त्यांचे सांधे नुसत्या चिकटपट्टीने झाकलेले असतात. टूलकिटमधला पाना बॅटरीच्या टोकाला लागला तरी ठिणगी पडते.

धोका फक्त गाडीवाल्याला नाही. पालघर, बोईसर, डहाणू स्थानकांबाहेर सकाळी लोकल पकडणाऱ्यांच्या दुचाक्या हँडलला हँडल लावून उभ्या असतात आणि संध्याकाळपर्यंत उन्हात तापतात. त्यातल्या एका डिकीत बाटली असली तर आजूबाजूच्या सगळ्या गाड्या तिच्या तोंडाशी आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये वाराणसी कॅन्ट स्थानकाच्या पार्किंगमध्ये आग लागली, तेव्हा सुमारे 200 दुचाकी जळून गेल्या. दाटीने लावलेल्या गाड्यांत आग किती झपाट्याने पसरते हे त्यातून दिसतं.

पाण्याची बाटली, तेलाचा कॅन का नको?

पाण्याच्या बाटलीचं झाकण पाणी अडवायला बनवलेलं असतं, वाफ अडवायला नाही. पेट्रोल तापलं की आतून दाब येतो, बाटली फुगते आणि आट्यांतून वाफ बाहेर झिरपते. शिवाय पेट्रोल तापल्यावर फुगतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की ते साधारण एक टक्क्याने वाढतं. पाच लिटरचा कॅन गळ्यापर्यंत भरला आणि उन्हात 20 अंशांनी तापला, तर आतलं पेट्रोल 100 मिलिलिटरच्या आसपास वाढणार. त्याला जागा नसली की ते झाकणातून वाट काढतं.

तिसरं कारण स्थिर विजेचं. प्लॅस्टिकमध्ये पेट्रोल ओतताना घर्षणाने वीज तयार होते आणि प्लॅस्टिकमधून ती जमिनीत जात नाही. केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलतात, तीच ही वीज. तारापूर एमआयडीसीत सॉल्व्हंट हाताळणाऱ्या कामगारांना हे वेगळं सांगायला नको. टोल्यूइनचा ड्रम ओतताना आधी अर्थिंगची क्लिप लावायची असते, ती याच ठिणगीसाठी. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट 4 अंशांच्या आसपास आहे. पेट्रोलचा त्याच्याही कितीतरी खाली. कंपनीत अर्थिंगशिवाय ड्रमला हात न लावणारा माणूस सुट्टी झाल्यावर पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून डिकीत टाकतो, तेव्हा कंपनीतला नियम गेटवरच राहतो.

चौथं कारण घरातलं आहे आणि ते सगळ्यात वाईट. पाण्याच्या बाटलीतलं पेट्रोल चुकून पाणी समजलं जाऊ शकतं. उन्हातून खेळून आलेलं लेकरू ओट्यावरची बाटली तोंडाला लावतं. असं झालं तर उलटी करायला लावू नये, मीठ-पाणी किंवा दूध पाजू नये. उलटी होताना पेट्रोल फुप्फुसात उतरलं तर जास्त नुकसान होतं. लगेच 108 ला फोन करून दवाखाना गाठावा.

कायदा काय सांगतो?

बाटलीत पेट्रोल नेणं म्हणजे थेट गुन्हाच, असं काही जण सांगतात. काही जण म्हणतात, आपल्या गाडीसाठी आहे तर कोण विचारतो. दोन्ही अर्धवट आहे.

आपल्याकडे पेट्रोलियम कायदा, 1934 लागू आहे. त्यात पेट्रोल हे 'अ' वर्गातलं, म्हणजे सगळ्यात ज्वलनशील गटातलं इंधन आहे. कायद्याच्या कलम 8 प्रमाणे, विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल एकूण 30 लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. कलम 9 मध्ये वाहनमालकाला स्वतःच्या गाडीच्या वापरासाठी टाकीतल्या पेट्रोलशिवाय 100 लिटरपर्यंत सवलत आहे, पण 30 लिटरच्या वर गेलं की ते माणसांच्या राहत्या किंवा कामाच्या खोलीपासून अलग जागेतच ठेवावं लागतं.

पण दोन्ही ठिकाणी भांड्याची अट आहे. भांडं घट्ट झाकणाचं आणि काचेचं, चिनी मातीच्या जातीचं किंवा धातूचं हवं. काचेचं किंवा मातीचं असेल तर 1 लिटरपर्यंतच, धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत. या यादीत प्लॅस्टिक नाही. म्हणजे आपल्या गाडीसाठी दोन लिटर पेट्रोल धातूच्या डब्यात नेणाऱ्याला परवाना लागत नाही, पण तेच पेट्रोल पाण्याच्या बाटलीत नेणारा या सवलतीत बसत नाही. काचेची बाटली कायद्यात चालत असली तरी दुचाकीवर ती फुटणारच, म्हणून तो विचार सोडून द्यावा.

रॉकेल आणि डिझेल 'ब' वर्गात येतात. त्यांच्यासाठी परवान्याविना मर्यादा 2,500 लिटरपर्यंत आहे. पेट्रोलला 30 आणि रॉकेलला 2,500. कायदा करणाऱ्यांनी या दोघांच्या धोक्यात किती फरक मानला, ते या दोन आकड्यांत दिसतं.

इंग्लंडमध्ये घरी पेट्रोल साठवायला 10 लिटरपर्यंत प्लॅस्टिकचा कॅन चालतो, पण तो पेट्रोलसाठीच बनवलेला असावा लागतो. तिथेही पाण्याची बाटली चालत नाही.

गावात किराणा दुकानातून किंवा टपरीवरून बाटलीने पेट्रोल विकलं जातं, त्याचं काय? कलम 8 ची सूट "विक्रीसाठी नसलेल्या" पेट्रोलला आहे. विकायला ठेवलेल्या पेट्रोलला ती लागू होत नाही. शिवाय तिथे माप आणि भेसळ याची कुठलीच खात्री नाही, आणि शेजारीच काडेपेट्या, गॅसची शेगडी, विडी ओढणारं गिऱ्हाईक असतं.

रेल्वेचा नियम आणखी कडक आहे. डहाणू-चर्चगेट लोकलमध्ये किंवा शटलमध्ये पेट्रोलचा कॅन नेताना सापडल्यास रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यातून नुकसान झालं तर त्याची भरपाई वेगळी. गाडी बंद पडली म्हणून पालघरहून बाटली भरून लोकलने केळवे रोडला उतरायचं, असं करू नका. एसटीतही ज्वलनशील सामान नेता येत नाही.

पंपावर बाटलीत का देत नाहीत?

"पैसे देतोय तरी देत नाही" म्हणून पंपावरच्या पोरांशी भांडणं होतात. पण बाटलीत भरताना आग लागली तर पहिल्यांदा होरपळतो तो भरणारा. पंपाच्या जमिनीखाली हजारो लिटरचा साठा असतो. त्यातून सुटं पेट्रोल वाईट कामासाठी वापरल्याच्या घटना राज्यात घडल्या आहेत. म्हणून बहुतेक पंपांवर "बाटलीत पेट्रोल मिळणार नाही" असा फलक असतो. निवडणूक, बंद किंवा आंदोलनाच्या काळात प्रशासन सुट्या विक्रीवर वेगळी बंदीही घालू शकतं. धातूचा डबा नेला तरी द्यायचं की नाही हे पंपचालक ठरवतो. त्याने नाही म्हटलं तर हुज्जत घालू नये.

1 जानेवारी 2024 आठवत असेल. हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध ट्रक आणि टँकरचालकांनी संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघणं थांबलं आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. हातात येईल त्या बाटलीत, कॅनमध्ये पेट्रोल भरायची धडपड झाली. दुसऱ्याच दिवशी रात्री संप मिटण्याच्या दिशेने गेला आणि पंप पुन्हा सुरळीत झाले. पण त्या धास्तीने घरात भरलेले कॅन अनेक ठिकाणी तसेच पडून राहिले.

साठवलेलं पेट्रोल तसं टिकतही नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. किनाऱ्यालगतच्या आपल्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये ओल शिरते. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं. ते टाकीत गेलं की गाडी सुरू होत नाही आणि मेकॅनिकचा खर्च वेगळा. म्हणजे अडचणीसाठी जपून ठेवलेलं पेट्रोल नेमकं अडचणीत दगा देतं.

न्यायचंच असेल तर कसं न्यावं?

मशीनसाठी पेट्रोल न्यावं लागणारे शेतकरी आणि मच्छीमार आहेत. त्यांना "नेऊ नका" म्हणून भागणार नाही. त्यांनी एवढं पाळावं.

1. डबा धातूचाच घ्यावा. आट्यांचं झाकण आणि आत रबरी वॉशर हवा. गंजलेला, चेपलेला किंवा आधी औषध, थिनर भरलेला डबा नको.

2. लागेल तेवढंच घ्यावं. प्रवासात अडचणीसाठी एक-दोन लिटर पुष्कळ झालं. डबा गळ्यापर्यंत भरू नये, वरचा दहावा भाग रिकामा ठेवावा.

3. भरताना डबा गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवावा आणि नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेला असावा. मांडीवर, फूटबोर्डवर किंवा डिकीत ठेवून भरू नये. जमिनीला टेकलेल्या धातूतून वीज निघून जाते.

4. भरल्यावर झाकण लावून डबा एकदा तिरका करून बघावा. थेंब आला तर तो डबा नेऊ नये. बाहेर सांडलेलं फडक्याने पुसावं आणि ते फडकं डिकीत ठेवू नये.

5. डबा डिकीत किंवा पाठीवरच्या बॅगेत नको. पाठीवरची बॅग म्हणजे पडलात तर पेट्रोल अंगावर. हँडलच्या हुकाला लटकवलेला डबा वळणावर झोल देतो आणि तोल जातो. त्यातल्या त्यात बरी जागा फूटबोर्ड. उघडी हवा असते आणि इंजिन लांब असतं. डबा उभा ठेवून रबरी पट्ट्याने घट्ट बांधावा, पाय ठेवायला जागा राहते का ते बघावं.

6. मागे लहान मूल बसवलेलं असताना पेट्रोल नेऊ नये. मागचा माणूस विडी-सिगारेट ओढणारा असेल तर त्यालाही आधी सांगावं.

7. पंपावरून थेट शेतावर किंवा घरी जावं. वाटेत बाजार, लग्न, चहाची टपरी नको. उन्हात गाडी लावून डबा तसाच ठेवू नये.

8. घरी डबा स्वयंपाकघर, देवघर, इन्व्हर्टर आणि झोपायच्या खोलीपासून लांब, सावलीत आणि हवेशीर जागी ठेवावा. डब्यावर मोठ्या अक्षरात "पेट्रोल" लिहावं. महिनाभरात वापरून संपवावं.

लांबच्या प्रवासाला जाणाऱ्याने मात्र डब्याचा विचार करण्याआधी हे करावं. निघताना टाकी फुल करावी. काटा अर्ध्यावर आला आणि पंप दिसला की भरून घ्यावं, लाल रेघेची वाट बघू नये. घरून निघतानाच रस्त्यातले पंप मोबाईलवर बघून ठेवावेत, कारण जव्हारच्या पुढे घाटात नेटवर्क जातं. रात्री गावाकडचे अनेक पंप बंद असतात, म्हणून दिवस मावळायच्या आत टाकी भरावी. टाकी फुल केल्यावर किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. दोन-तीनदा असं केलं की आपली गाडी लिटरला खरोखर किती चालते ते कळतं, आणि मग भीती राहत नाही.

रस्त्यात संपलंच तर

जुन्या चेतक स्कूटरला सीटखाली रिझर्व्हची चावी असायची. ती फिरवली की पंपापर्यंत पोहोचता यायचं. आताच्या स्कूटरला ती नाही, पण काटा लाल रेघेवर आला तरी टाकीत साधारण लिटरभर पेट्रोल असतं. तेवढ्यात तीसेक किलोमीटर जाता येतं. मात्र रोज तिथपर्यंत गाडी नेऊ नये. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन असतं. पेट्रोल ढकलणारा पंप बहुतेक गाड्यांत टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी पुन्हा पुन्हा कोरडी पडली तर तो पंप खराब होतो आणि तो बदलायचा खर्च काही टाक्यांच्या पेट्रोलपेक्षा जास्त येतो.

गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला, वळणापासून लांब उभी करावी आणि पार्किंग लाइट लावावी. महामार्गावर टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीवाल्याने पायाने ढकलत नेणं, जिवावर बेतू शकतं. अवजड गाड्यांच्या त्या रस्त्यावर तोल गेला तर सावरायला वेळ मिळत नाही.

दुसऱ्याच्या गाडीतून नळी टाकून तोंडाने पेट्रोल ओढणं गावात सर्रास चालतं. तो घोट घशात गेला की खोकला येतो, आणि खोकताना पेट्रोल फुप्फुसात जातं. त्यातून न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. बाजारात हाताने दाबायचा साधा पंप मिळतो, तो वापरावा.

आणलेलं पेट्रोल ओतण्याआधी इंजिन बंद करून दहा मिनिटं गाडी गार होऊ द्यावी. मोबाईलचा टॉर्च लावायचा तर दुसऱ्याने लांबून धरावा, काडी किंवा लायटर अजिबात नको. नरसाळं वापरावं. सायलेन्सरवर सांडलं तर ते पूर्ण सुकेपर्यंत गाडी सुरू करू नये. डब्यातलं सगळं पेट्रोल टाकीत रिकामं करावं, उरलेलं परत डिकीत ठेवू नये.

आग लागली तर

चालत्या गाडीतून धूर किंवा पेट्रोलचा उग्र वास आला तर लगेच थांबावं, चावी बंद करावी आणि सगळ्यांनी लांब व्हावं. डिकीतून धूर येत असेल तर ती उघडू नये. हवा मिळाली की आतल्या आगीचा भडका तोंडावर येतो. मोबाईल, पाकीट, कागदपत्रं आत असली तरी राहू द्यावीत.

पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पाण्याबरोबर पसरते. लांबून माती, रेती टाकावी किंवा पावडरचं अग्निशामक वापरावं. अग्निशमन दलासाठी 101, पोलीस आणि इतर मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये. जमिनीवर आडवं होऊन लोळावं. शेजाऱ्याने जाड सुती गोधडी किंवा घोंगडी गुंडाळून आग दाबावी. नंतर भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तेल काहीही लावू नये. कातडीला चिकटलेलं कापड ओढून काढू नये.

आज घरात भरलेली बाटली असेल तर

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या डिकीत, पडवीत किंवा मोरीजवळ आत्ताही एखादी बाटली असेल. ती उद्यावर टाकू नये. दिवसाउजेडी, चूल-शेगडीपासून लांब, अंगणात गाडी गार असताना ते पेट्रोल नरसाळ्याने गाडीच्या टाकीत ओतावं. महिनोन्महिने पडलेलं, रंग बदललेलं किंवा तळाला पाणी दिसणारं पेट्रोल टाकीत ओतू नये. ते ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे द्यावं. गटारात, विहिरीजवळ, शेतात किंवा खाडीत ओतू नये, आणि पेटवून संपवायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. रिकामी बाटली झाकण काढून उघड्यावर पूर्ण सुकू द्यावी. रिकाम्या बाटलीतही वाफ असते. मग ती चेपून टाकून द्यावी, म्हणजे घरात कुणी तिच्यात पुन्हा पाणी भरणार नाही.